रोज दुपारी मरणारा माणूस

त्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत रोज दुपारी एका म्हाताऱ्याचा खून व्हायचा. शाळा सुटायची, जिन्यापाशी बुटांची धाडधाड ऐकू यायची, दार भिंतीवर आपटायचं आणि सहा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू हत्यारं परजत आत घुसायचे. हत्यारं म्हणजे वर्तमानपत्राच्या गुंडाळीची तलवार, लाकडी डाव, उशी आणि एक जुना बूट. दयामाया नाही, थांबा-ऐका नाही. म्हातारा खाटेवर पडलेला असो, चहा गाळत असो, नाहीतर दाढीला साबण फासून आरशासमोर उभा असो, त्याला तिथल्या तिथे ठार करण्यात येई.

आणि मरायचा तरी कसा! नुसतं 'हाय' करून खाली बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. तलवार पोटात शिरली की आधी तो पोटाकडे बघायचा, मग तलवारीकडे, मग डोळे असे काही फिरवायचा की नात हसून हसून तिथंच लोळण घ्यायची. मग तो लटपटत खोलीभर हिंडायचा. भांड्यांच्या रॅकला धडकायचा, ताटल्या खणखणत खाली यायच्या. पडदा धरून लोंबकळायचा, खुर्चीवरून कोलांटी खायचा आणि शेवटी जमिनीवर असा धप्पकन पडायचा की वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून ओरडायच्या, "अहो, आज किती वेळा मरणार आहात? माझं बाळ आत्ता कुठं झोपलंय!"

"अजून दोनदाच, ताई," मेलेला माणूस जमिनीवरून सांगायचा, आणि त्याबद्दल त्याच्या डोक्यात पुन्हा बूट बसायचा, कारण मेलेल्यानं बोलायचं नसतं.

खून झाल्यावर तपासणी असे. ते काम नातवाचं. तो म्हाताऱ्याच्या छातीवर बैठक मारायचा, दोन बोटांनी त्याची पापणी वर उचलायचा आणि नाकाला नाक लावून आत डोकवायचा.

"मेलास का, आजोबा?"

"मेलो."

"पूर्ण?"

"पूर्ण. काही शिल्लक नाही."

"मग ऊठ ना. मला परत मारायचंय."

नातवाच्या तोंडाला बिस्किटाचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास येत असे. तो सबंध ऐवज छातीवर घेऊन जमिनीवर पडलं की म्हाताऱ्याला इतका आनंद व्हायचा की तो उठायला मुद्दाम उशीर करायचा. या एवढ्या वेळासाठी तो सकाळी उठायचा, भाजी चिरायचा, गोळ्या गिळायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचा. उगाच आडवळणानं कशाला सांगा, तो या दोघांसाठी जगत होता.

मरणं हा खरं तर त्याचा धंदाच. चाळीस वर्षं त्यानं सिनेमात मार खाल्ला. स्टुडिओत त्याला सगळे 'धप्पा' म्हणत, पाठीवर पडताना निघणाऱ्या आवाजावरून. हिरोनं ज्याला छतावरून फेकलं तो धप्पा, घोड्याखाली आला तो धप्पा, जिन्याच्या वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत एकेका पायरीचा हिशेब चुकता करत आला तोही धप्पाच. पडद्यावर त्याचं तोंड कधी कुणी पाहिलं नाही, पण पाठ मात्र लाखो लोकांनी पाहिली. त्याला सुऱ्या लागल्या, गोळ्या लागल्या, काचेच्या दारातून तो आरपार गेला. गळ्याचं हाड दोनदा मोडलं, एक गुडघा कायमचा कामातून गेला. अंदाज चुकलेल्या एका नवशिक्या हिरोनं कानाचा पडदा फाडला आणि वर 'सॉरी' म्हणून फुलं पाठवली. कान काही फुलांनी बरा झाला नाही.

त्यांच्या फाइट मास्टरचा एक नियम होता. हाणामारी मारणारा करत नाही, मार खाणारा करतो. मारणाऱ्याची मूठ हनुवटीपासून चार बोटं अलीकडे थांबते. पुढचं सगळं मार खाणाऱ्याच्या हातात. त्यानं नेमक्या वेळी मान झटकायची, अंग भिरकवायचं, किंचाळायचं. तो उडाला तर ठोसा बसला, नाही उडाला तर हिरोचं हसं. ती चार बोटं अंगात मुरावीत म्हणून नव्या पोरांना भिंतीसमोर उभं करून महिनोन् महिने ठोसे मारायला लावत. भिंतीला मूठ लागली की उपाशी. धप्पाच्या हातात ते अंतर असं काही भिनलं होतं की झोपेतसुद्धा त्याचा हात कुणाला लागला नसता. उभ्या आयुष्यात त्यानं मार पोत्यानं खाल्ला, पण कुणाला एक चापटही मारली नाही.

यात एक गोष्ट मात्र हातची गेली, ती म्हणजे मुलाचं लहानपण. बाप एकतर शूटिंगला असायचा नाहीतर प्लास्टरमध्ये. मुलगा लहान असताना आईबरोबर सिनेमाला गेला. पडद्यावर बापाची पाठ ओळखली, ती पाठ पुलावरून खाली जाताना बघितली आणि असा काही टाहो फोडला की मायलेकरांना थिएटराबाहेर काढावं लागलं. आता तो विम्याच्या कचेरीत बसतो, लोकांना अपघातांचे धोके समजावून सांगतो, आणि टीव्हीवर मारामारी लागली की उठून आत जातो. बायको गेल्यावर म्हातारा त्याच इमारतीत खालची खोली घेऊन राहिला, तेव्हा मुलाशी बोलायला त्याच्याकडे शब्द नव्हते. नातवंडं आली आणि बोलण्याची गरजच उरली नाही.

सूनबाई मात्र वेगळ्या मातीची. ती सरकारी दवाखान्यात अपघात विभागात नर्स होती. रोज फाटलेल्या माणसांना टाके घालताना डॉक्टरांच्या शेजारी उभी राहायची. घरी आल्यावर खालच्या खोलीतून "मेलो, मेलो" ऐकू आलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. शाळेतून पहिली तक्रार आली, नातवानं वर्गातल्या एकाला पोटात गुद्दा मारला म्हणून, तेव्हा ती कामावरचे कपडेही न बदलता खाली आली.

"बाबा, मी रोज खरी फुटलेली डोकी बघते. त्याला वाटतं मारलं की माणूस उड्या मारतो आणि हसत उठतो. हा खेळ बंद करा. पुन्हा एक तक्रार आली तर दोघंही पाळणाघरात जातील. मला तुमचा राग नाही. पण जातील म्हणजे जातील."

"बंद," म्हातारा म्हणाला. "आजपासून बंद."

दिलेला शब्द पाळायचा त्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दोन दुपारी त्यांनी चित्रं रंगवली. नातीनं एक घर काढलं, नातवानं त्या घराला आग लावली, आणि तिघंही जांभया देत राहिले. तिसऱ्या दुपारी म्हातारा मोरीपाशी भांडी विसळत होता. मागून पावलं न वाजवता नातू आला आणि त्यानं तलवार म्हाताऱ्याच्या बरगडीत खुपसली. हातातलं पातेलं सुटलं. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं, नातवाचे डोळे चमकत होते. मग काय करणार? मेला. जोरात मेला.

आठवड्याभरानं बागेत ते घडलं. घसरगुंडीच्या लोखंडी शिडीपाशी एक पोरगा आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता. नातवाच्याच वयाचा. खिशात हात, तोंडानं काहीतरी गुणगुणत. नातू समोरून धावत आला, पाय रोवून उभा राहिला आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे कमरेतून वळून त्यानं त्या पोराच्या हनुवटीवर ठोसा ठेवून दिला. पोरगा ओंडका पडावा तसा सरळ मागे गेला, शिडीला धडकून वळला आणि कलंडताना त्याचं तोंड पायरीवर आपटलं. ओठ दाताखाली चिरला. रक्त सिनेमातल्यासारखं लालभडक नव्हतं, काळपट होतं आणि थांबत नव्हतं.

नातू कमरेवर हात ठेवून तो उठायची वाट बघत उभा राहिला. तो उठेना. मग हिरमुसून म्हाताऱ्याकडे वळला.

"आजोबा, त्यानं उडीच मारली नाही!"

म्हातारा धावत शिडीपाशी गेला. त्यानं त्या पोराला उचललं, नळाखाली तोंड धुतलं, रुमाल दाबून धरला आणि विचारत विचारत त्याच्या घरी पोचवलं. पोराच्या आईनं पोराला त्याच्या हातातून ओढून घेतलं. माफी मागायला तोंड उघडेपर्यंत दार बंद झालं होतं. घरी येताना तो मुलांना म्हणाला, "आईला एवढ्यात सांगू नका हं. मी सांगेन." नातीनं त्याच्याकडे मान तिरपी करून पाहिलं. मुलं गप्प राहिली आणि त्यानं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोजच्या या दुपारी हातच्या गेल्या असत्या. नातवाला तरी जवळ बसवून समजवायला हवं होतं. पण समजवायचं म्हणजे आपण रोज करतो ते सगळं फसवं आहे, माणसाला लागतं आणि लागलं की तो हसत उठत नाही, असं सांगायचं. ते त्यानं दुसऱ्या दिवसावर ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं तलवारी घेऊन आले.

त्या पोराचा बाप घरसामान हलवायचं काम करी. कपाटं, पियानो, लोखंडी तिजोऱ्या पट्ट्यानं पाठीला बांधून एकटा चार मजले चढणारा माणूस. मान आणि खांदे एकच झालेले. तो ट्रक घेऊन परगावी गेला होता, दुपारी परतला तर पोराच्या ओठाला टाके. तरीही तो मारायला आला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो पत्ता काढत जाब विचारायला आला होता. दार उघडंच होतं. त्यानं आत पाऊल टाकलं तेव्हा नातवानं कमरेतून वळून म्हाताऱ्याच्या हनुवटीवर तोच ठोसा मारला, म्हातारा हवेतून मागे जाऊन खाटेवरून पलीकडे पडला, नातीनं टाळ्या वाजवल्या, आणि खाटेपलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "शाब्बास रे पठ्ठ्या! काय ठोसा हाणलास!"

"तू शिकवतोस होय रे हे, म्हाताऱ्या?" दारातला माणूस म्हणाला.

म्हातारा उठून "साहेब, बसा, मी..." एवढंच म्हणाला. त्या माणसानं त्याला सदऱ्याला धरून जवळ ओढलं आणि कानाखाली ठेवून दिली.

म्हाताऱ्याचं अंग सवयीनं उडालं, पण उशीर झाला होता. हात आधीच पोचला होता. खऱ्या मारात चार बोटं नसतात, मोजून द्यायला वेळ नसतो, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे हे कुणी विचारत नाही. दुसरा फटका तोंडावर बसला, खालची कवळी निखळून जमिनीवर घरंगळली. तिसरा पोटात. म्हातारा दुमडला. त्यानं हात वर केले नाहीत. त्याला वाटत होतं, याला मारायचा हक्क आहे, मारू दे.

मग त्याची नजर मुलांकडे गेली. नात खाटेखाली सरकली होती. नातू भिंतीला चिकटून उभा होता आणि त्याचा खालचा ओठ पुढे येऊन थरथरू लागला होता. म्हाताऱ्याला एका क्षणात दुसरा एक मुलगा आठवला, अंधारात, पडद्याकडे बघून टाहो फोडणारा. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, मोडली तर हाडं मोडू देत, असं त्यानं ठरवलं.

पुढचा ठोसा आला तसा म्हातारा उडाला. असा उडाला की भांड्यांचं रॅक सगळ्या ताटल्यांनिशी खाली आलं. "हाय रे देवा, मेलो!" तो गर्जला. लाथ आली तसा खुर्चीसकट कोलमडला, खुर्चीचा पाय मोडून हातात घेऊन वेड्यासारखा त्याकडे बघत राहिला. नातवाचा ओठ थांबला. मग त्याला हसू फुटलं. खाटेखालून नातीचंही डोकं बाहेर आलं. फरक एवढाच होता की या वेळी प्रत्येक फटका आधी खरोखर बसत होता आणि मग म्हातारा उडत होता. तोंडातलं रक्त तो गिळत होता. मुलं टाळ्या वाजवू लागली.

"हसताय काय रे!" तो माणूस ओरडला. पोराचा ओठ फाटलाय, आणि इथं म्हातारा आपली टर उडवतोय, पोरं टाळ्या पिटतायत! तो पिसाळला. म्हातारा जितका रंगात येऊन पडे, तितका तो जोरात मारी, आणि तो जितका जोरात मारी, तितकं म्हाताऱ्याला रंगात यावं लागे. त्यानं म्हाताऱ्याला भिंतीवर आपटलं, केसाला धरून उठवलं, पुन्हा आपटलं. भिंतीवर डाग पडला.

"आता माझी पाळी!" नातू तलवार घेऊन धावला आणि त्यानं त्या माणसाच्या गुडघ्यावर वार केला. त्या माणसानं खाली न बघताच पाय झटकला. कपाटं उचलणारा पाय तो. नातू कोपऱ्यात जाऊन आपटला, तिथं पडला आणि हलेनासा झाला.

म्हाताऱ्यानं त्याला नीट पाहिलं. नातू हनुवटी छातीला लावून पडला होता, शिकवल्यासारखा. तो खरा पडला होता की खोटा? चाळीस वर्षं लोकांना न कळू देणं हेच ज्यानं केलं, त्याला ते ओळखता येईना.

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मूठ वळली आणि सगळ्या जिवानिशी त्या माणसाच्या जबड्यावर मारली. मूठ जबड्यापासून चार बोटं अलीकडे थांबली.

दोघांनीही त्या मुठीकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं पुन्हा मारली. पुन्हा चार बोटं अलीकडे.

"आजोबा, लागलंच नाही," नात म्हणाली.

म्हाताऱ्याला स्वतःच्या हाताचा इतका संताप आला की त्यानं हात सोडून दिला. डोळे मिटले आणि सगळं अंग पुढे फेकलं. त्याचं कपाळ त्या माणसाच्या नाकावर बसलं. काहीतरी कडकन मोडलं. तो गडी चारी मुंड्या चीत पडला आणि म्हातारा त्याच्या छातीवर. एकदा अंतर तुटल्यावर हात थांबेना. त्यानं मुठीनं मारलं, हाताला लागली त्या ताटलीनं मारलं, कणीक तिंबावी तसं मारलं. त्याला ते आवडलं, हेही लपवून उपयोग नाही. सगळ्या वर्षांत खाल्लेला मार त्या ताटलीत उतरला होता आणि प्रत्येक फटक्याला त्याला बरं वाटत होतं.

पण सत्तरीच्या अंगात दम तो किती. खालच्या माणसानं गुडघा वर घेतला. म्हाताऱ्याच्या बरगड्यांतून आवाज आला, तो बाजूला फेकला गेला, आणि नाकातून रक्त गाळत तो माणूस उठून लाथा घालू लागला. आता म्हाताऱ्याला उडता येईना, ओरडता येईना.

"बाबा."

दारात बागेतला तो पोरगा उभा होता. बापाच्या मागोमाग आलेला. ओठ सुजून नाकाला लागलेला, त्यावर काळे टाके. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "बाबा, नको," तो म्हणाला. बापाचा पाय हवेतच राहिला. मग तो माणूस नाक धरून भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात कोपऱ्यातून नातू टुणकन उठला. "मी मेलोच नव्हतो! फसवलं, सगळ्यांना फसवलं!" त्याचा कोपर खरचटला होता, पण ते त्याच्या गावीही नव्हतं. आजवरची सगळ्यांत भारी फाइट झाली होती. तो धावत आला आणि म्हाताऱ्याच्या छातीवर बसला, मोडलेल्या बरगडीवर.

"मेलास का, आजोबा? ऊठ ना! परत!"

उठता आलं असतं. गळ्याचं हाड मोडलेलं असताना तो दुसऱ्या टेकसाठी उठला होता, इथं तर प्रेक्षक घरचेच. उठायचं, लवून नमस्कार करायचा, या माणसालाही डोळ्यानं खुणावायचं. मुलं हसतील, ताटल्या उचलून ठेवतील, काही घडलंच नाही. रोजच्या दुपारी वाचतील. त्यानं कोपर टेकला. आणि त्याला दारातला तो पोरगा दिसला. खोलीतल्या तीन मुलांत तेवढं एक पोर हसत नव्हतं.

म्हाताऱ्यानं कोपर काढून घेतला आणि पाठ टेकली.

"नाही उठत, राजा. लागलंय मला."

"खोटं!"

"खरंच लागलंय."

नातवानं त्याचा हात धरून ओढला. म्हाताऱ्याच्या तोंडून किंकाळी फुटली. नातू खूश झाला. इतकी छान किंकाळी आजोबांनी कधीच काढली नव्हती. त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा किंकाळी, पुन्हा हसू. तेव्हा म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं की आपल्याजवळचे सगळे आवाज खर्च झालेत. कण्हणं, विव्हळणं, 'आई गं', सगळं या पोरांना आपण खोटं म्हणून देऊन बसलोय. खऱ्यासाठी एकही शिल्लक ठेवला नाही.

म्हणून त्यानं तोंड मिटलं. डोळे फिरवले नाहीत, जीभ बाहेर काढली नाही. नुसता नातवाकडे बघत पडून राहिला. श्वास तुकड्यातुकड्यानं येत होता. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, ते त्यानं पुसलं नाही.

नातू वाट बघत होता. हसू तोंडावर तसंच होतं, मग ते कमी कमी होत गेलं. "आजोबा?" तो म्हणाला. नातवानं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, तिथं रक्त लागलं होतं. तो हळूच छातीवरून उतरला, कुणी न सांगता. मग त्यानं वळून दारातल्या पोराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुला पण असंच लागलं होतं?"

त्या पोरानं मान हलवली. हो.

नातू रडायला लागला. हट्टाचं रडणं नव्हे, आवाज न करता, खांदे हलवत. म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला. एक डोळा मिचकावला असता, एक भुवई उडवली असती, तरी ते रडं थांबलं असतं. ते त्याच्या हातचं होतं आणि ते त्यानं केलं नाही. आजवर खाल्लेल्या कुठल्याही मारापेक्षा ते अवघड गेलं. त्यानं त्याला रडू दिलं.

शेवटी तो सामानवाला उठला. "चला, दवाखान्यात नेतो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. त्यानं म्हाताऱ्याला दोन्ही हातांवर उचललं, काचेचं कपाट उचलतात तसं जपून, आणि ट्रकपर्यंत नेलं. मागून तीन मुलं.

अपघात विभागाच्या दारात सूनबाईच उभी होती. सासऱ्याला तशा अवस्थेत बघून तिनं हातातला ट्रे बाजूला ठेवला. तिनं आधी काम केलं. बरगड्यांचे फोटो काढून आणले, टाके घालून घेतले, सामानवाल्याच्या नाकात बोळे बसवले, सगळ्यांना बाकावर ओळीनं बसवलं. मग नातीला विचारलं. नातीनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बागेतलं, आणि आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं तेही.

सूनबाई म्हाताऱ्याच्या खाटेपाशी आली आणि बरगड्यांवर पट्टा बांधू लागली. तिचा आवाज चढला नाही.

"पाळणाघर, बाबा. उद्यापासून."

"हो," म्हातारा म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

"मी नाही जाणार," खाटेच्या कडेशी उभा असलेला नातू म्हणाला.

"तुला कुणी विचारलं नाही."

"पण आजोबाला लागलंय. खरंच लागलंय, आई. तुला माहीत नाही. तो ओरडतसुद्धा नाही." नातवाचा श्वास अजून रडण्यातला होता. "मग त्याच्याजवळ दुपारी कोण बसणार?"

सूनबाईचे हात थांबले. तिनं पट्ट्याचं टोक हातात तसंच धरून मुलाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. म्हातारा छताकडे बघत होता.

"जवळ बसायचं म्हणजे अंगावर चढायचं नाही," ती म्हणाली. "हात लावायचा नाही. जमेल?"

नातवानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. "जमेल."

त्याची ती ऐट बघून म्हाताऱ्याला हसू आलं आणि हसण्याबरोबर बरगडीत कळ गेली. तोंडून आवाज निघाला नाही, फक्त चेहरा आक्रसला.

"दुखलं?" नातवानं विचारलं.

"दुखलं."

नातू हात मागे धरूनच एक पाऊल मागे सरकला, आणि बहिणीला म्हणाला, "तूही मागे हो."